आठ ते बारा, आणि त्यापुढचे सगळे

इंग्रजीत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी ज्या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, त्यांत कथनकलेचं फार मोलाचं काम झालेलं आहे. मोठ्यांनीही त्या वाचाव्यात. मुलांच्या हाती काय द्यावं हे ठरवण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या सुखासाठी वाचाव्यात, एवढं सांगायला ही प्रस्तावना लिहिली आहे. या क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्यांनी त्याचे नकाशे तयार केले आहेत, पण नवख्या वाचकाला नकाशाआधी आमंत्रण लागतं.

तिकडचे प्रकाशक या पुस्तकांना ‘मिडल ग्रेड’ म्हणतात. चित्रपुस्तकांचं वय सरलेलं आणि तेरा-चौदाच्या पुढची ‘यंग अडल्ट’ पुस्तकं अजून यायची आहेत, असा हा मधला टप्पा. नायक-नायिका बहुधा दहा ते तेरा वर्षांची असतात, कारण मुलांना आपल्याहून जरा मोठ्या मुलांविषयी वाचायला आवडतं. पुस्तक दोनशे-तीनशे पानांत आटपतं. शृंगार नसतो, शिव्या नसतात. मृत्यू मात्र असतो. दारिद्र्य, युद्ध, वर्णद्वेष, आजारी आई, परागंदा बाप हे सगळं असतं. कॅथरीन पॅटरसन यांच्या ‘ब्रिज टू टेराबिथिया’नं (1977) मुलांच्या पुस्तकात जिवलग मैत्रिणीचा मृत्यू आणला. त्यांच्या मुलाची बालमैत्रीण वीज पडून गेली होती, त्या दुःखातून ते पुस्तक आलं. त्यानंतर या वयाला अमुक एक विषय झेपणार नाही असं म्हणणं अवघड झालं.

मुलांसाठी पुस्तकं काढणं हा स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो हे लंडनच्या जॉन न्यूबेरी या पुस्तकविक्रेत्यानं अठराव्या शतकात दाखवून दिलं. त्याचं ‘अ लिटल प्रिटी पॉकेट-बुक’ 1744 सालचं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं 1922 मध्ये त्याच्याच नावानं पदक सुरू केलं आणि ग्रंथपालांच्या हाती निवडीचं मोठं सामर्थ्य आलं. ब्रिटनमध्ये 1936 पासून कार्नेगी पदक आहे. या दोन पदकांचा इतिहास वाचणं म्हणजे बाल्याविषयीच्या कल्पना कशा बदलत गेल्या ते पाहणं. पण तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. इथे एकच टप्पा महत्त्वाचा. 1997 मध्ये ‘हॅरी पॉटर’ आला आणि मोठी माणसं मुलांची पुस्तकं उघडपणे वाचू लागली. ब्लूम्सबरीनं मोठ्यांसाठी गंभीर मुखपृष्ठाच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. आतली गोष्ट तीच. न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत हॅरीनं वरच्या जागा इतक्या अडवल्या की 2000 साली त्या वृत्तपत्राला मुलांच्या पुस्तकांची यादी वेगळी करावी लागली. मोठा वाचक आधीही होताच, आता तो दिसू लागला.

अभ्यासकांनी या मोठ्या वाचकाचा विचार बराच केला आहे. बार्बरा वॉल यांनी 1991 मध्ये निवेदकाच्या आवाजावर लिहिलेलं पुस्तक मला आजही सर्वांत उपयोगी वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांच्या पुस्तकातला निवेदक कधी फक्त मुलांशी बोलतो, कधी मुलांशी बोलता बोलता त्यांच्या डोक्यावरून मोठ्यांकडे पाहून डोळे मिचकावतो, आणि क्वचित, फार क्वचित, एकाच वाक्यात दोघांशी सारख्याच आदरानं बोलतो. ‘पीटर पॅन’कार बॅरी दुसऱ्या प्रकारातले. गेल्या तीन दशकांतले उत्तम लेखक तिसऱ्या प्रकाराकडे वळले, आणि हा या क्षेत्रातला खरा बदल आहे असं मी मानते. आता मोठ्या वाचकाला वेगळी खूण मिळत नाही. मुलाला जे दिलं आहे तेच त्यालाही मिळतं, आणि ते पुरेसं असतं. कॅनडाचे पेरी नोडलमन यांनी ‘द हिडन अडल्ट’मध्ये (2008) ते का पुरतं याचं उत्तर शोधलं. मुलांच्या पुस्तकातलं वाक्य साधं असतं, पण त्यामागे न लिहिलेला दुसरा मजकूर सावलीसारखा उभा असतो, आणि लिहिलेलं समजायचं तर तो माहीत असावा लागतो. मुलं तो आपापल्या परीनं भरून काढतात. मोठा वाचक वेगळ्या परीनं भरतो.

मराठी वाचकाला ही सावली परकी नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आपण मोठेपणीच वाचला. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’ ही पुस्तकं मोठ्यांच्या कपाटातच राहिली आणि तिथेच ती लाडकी झाली. मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या गोष्टीत मोठ्यांना रमता येतं हे आपल्याला कुणी पटवून द्यायला नको. दुसऱ्या बाजूला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता, फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला, सायकलवर सुटला की कथानकालाही चाकं लावणारा. या दोघांच्या मधल्या जागेत, लंपनचं मन आणि फेणेचा वेग एकाच पुस्तकात नांदतील अशा ठिकाणी, आजची चांगली मिडल ग्रेड कादंबरी उभी आहे. मराठी वाचकानं तिकडे जावं असं वाटण्याचं हे माझं पहिलं कारण.

दुसरं कारण एका गैरसमजाशी जोडलेलं आहे. मोठा माणूस मुलांचं पुस्तक उघडतो तेव्हा त्याला आपलं बालपण पुन्हा भेटेल अशी आशा असते. या पुस्तकांतल्या चांगल्या पुस्तकांना बालपणाची हुरहुर मुळीच नाही. अकरा वर्षांचं मूल मागे वळून पाहत नाही. त्याला पुढचं दिसायला हवं असतं. त्याचं बालपण हा त्याचा वर्तमानकाळ आहे, आणि तो बऱ्याचदा अडचणीचा आहे. म्हणून या कादंबऱ्यांचा सगळा भार ‘पुढे काय?’ या प्रश्नावर असतो. मोठ्यांच्या गंभीर साहित्यानं हा प्रश्न हलका ठरवून बराच काळ बाजूला ठेवला. इथे तो पूर्ण प्रतिष्ठेनं वावरतो, आणि त्याच्याबरोबर येते लेखकाची एक कठोर शिस्त. दहा वर्षांचा वाचक लेखकाची कीर्ती जाणत नाही, पुरस्काराला भीक घालत नाही, कंटाळला तर विसाव्या पानावर पुस्तक मिटतो. त्याला दाखवलेली वस्तू पुढे कामी आली नाही तर ते त्याच्या लक्षात राहतं.

ही शिस्त जवळून पाहायची तर लुई साकर यांची ‘होल्स’ (1998) घ्यावी. नॅशनल बुक अवॉर्ड आणि न्यूबेरी पदक दोन्ही मिळालेली ही कादंबरी. स्टॅन्ली येलनॅट्सवर बूट चोरल्याचा खोटा आळ येतो आणि त्याची रवानगी टेक्ससमधल्या ‘कॅम्प ग्रीन लेक’ नावाच्या सुधारगृहात होते. नावातलं तळं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आटलं आहे. तिथे प्रत्येक मुलानं रोज एक खड्डा खणायचा, पाच फूट खोल, पाच फूट रुंद. मोजपट्टी म्हणजे हातातलं फावडंच. ते उभं मावलं आणि कुठल्याही दिशेनं आडवं मावलं की दिवसाचं काम संपलं. पहिल्या खड्ड्याला साकर घाई न करता जागा देतात. वरचा कडक थर फुटता फुटत नाही, तळहातांना फोड येतात, काढलेली माती फार जवळ टाकल्याचं उशिरा लक्षात येतं आणि ती पुन्हा उचलून लांब टाकावी लागते. वाचणाऱ्याचे खांदे दुखावेत इतकं ते प्रत्यक्ष आहे.

आणि मग, खणता खणता, दोन जुन्या गोष्टी वर येऊ लागतात. एक लाटव्हियातली: स्टॅन्लीच्या खापरपणजोबांनी एका म्हाताऱ्या बाईला वचन दिलं होतं आणि ते विसरून बोटीत बसले. दुसरी त्याच तळ्याकाठची, पाणी होतं तेव्हाची: मसाला घालून पीच टिकवणारी शिक्षिका केट आणि गाढवाच्या गाडीतून कांदे विकणारा सॅम. सॅम काळा आहे, केट गोरी. त्यांच्या प्रेमाचं गावानं काय केलं ते साकर थोडक्यात सांगतात, आवाज न चढवता. दहा वर्षांच्या मुलाला अन्याय कळावा एवढं ते स्पष्ट आहे. अमेरिकेचा इतिहास जाणणाऱ्या मोठ्या वाचकाला त्या पानांपुढे थांबावं लागतं. नोडलमन यांची सावली ती हीच. शेवटाकडे कांदे, पीच, बूट आणि ते वचन असे एकमेकांत बसतात की पन्नास प्रकरणांच्या या पुस्तकात वाया गेलेली वस्तू शोधूनही सापडत नाही. कसे बसतात ते सांगणार नाही. ज्यांनी अजून हे पुस्तक वाचलं नाही, त्यांचा मला हेवा वाटतो.

रिबेका स्टेड यांची ‘व्हेन यू रीच मी’ (2009, 2010 चं न्यूबेरी) याहून नाजूक यंत्र आहे. काळ 1979, जागा न्यूयॉर्क. मिरांडा सहावीत आहे. आई एका वकिलाच्या कचेरीत काम करते आणि टीव्हीवरच्या ‘द ट्वेंटी थाउजंड डॉलर पिरॅमिड’ या स्पर्धेत भाग घेण्यासाठी घरी सराव करते. त्या खेळात जोडीदार वस्तूंची यादी सांगत जातो आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारा वर्ग ओळखायचा असतो. स्टेड यांनी प्रकरणांना या वर्गांसारखीच नावं दिली आहेत, त्यामुळे प्रत्येक प्रकरण वाचकापुढे तोच खेळ मांडतं: या वस्तू एकत्र का आल्या? दरम्यान मिरांडाला अनोळखी चिठ्ठ्या येऊ लागतात, आणि अजून न घडलेल्या गोष्टी चिठ्ठी लिहिणाऱ्याला माहीत आहेत. मिरांडाचं लाडकं पुस्तक आहे मॅडलिन लेंगल यांचं ‘अ रिंकल इन टाइम’ (1962). मार्कस नावाचा मुलगा तिला त्यातली एक चूक दाखवतो: ती मुलं निघाल्याच्या पाच मिनिटं आधी परत पोचली असतील, तर निघताना त्यांना स्वतःलाच परत येताना दिसायला हवं होतं. ही शाळकरी हुज्जत वाटते. पुस्तक संपताना कळतं की सगळी कादंबरी तिच्यावर तोललेली होती.

पण मला या पुस्तकात सर्वांत मोलाचं वाटतं ते कोडं नव्हे. मिरांडाला ज्युलिया आवडत नाही, गर्विष्ठ वाटते, आणि तिच्या डोळ्यांनी पाहत असल्यानं आपल्यालाही वाटते. मग एका साध्या प्रसंगात मिरांडाला दिसतं की ज्युलियाला तिच्या मैत्रिणीची काळजी आहे, अगदी स्वतः मिरांडाला असते तशीच. भाषण नाही, पश्चात्तापाचे उमाळे नाहीत. एका मुलीच्या मनात दुसऱ्या व्यक्तीला जागा होते आणि ती होताना आपण पाहतो. प्रौढांच्या कादंबरीत असा क्षण बहुधा उपरोधात गुंडाळून येतो. इथे तो उघडा ठेवण्याचं धैर्य लेखिकेजवळ आहे.

पद्यात लिहिलेल्या कादंबऱ्या हा या क्षेत्राचा अनपेक्षित बहर आहे. छोट्या मुक्तछंदातल्या कवितांची साखळी आणि तिच्यातून पूर्ण कथानक. थान्हा लाय यांच्या ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’मध्ये (2011) हा नावाची दहा वर्षांची मुलगी 1975 च्या सायगावातून कुटुंबाबरोबर निसटते आणि अलाबामात पोचते, लेखिकेचं स्वतःचं बालपण याच वाटेनं गेलं होतं. हाच्या अंगणात पपईचं झाड असतं. फळ कधी धरतं, केवढं होतं, ते कोण आधी पाहतं याकडे तिचं बारीक लक्ष असतं. अमेरिकेत नाताळला तिला पपई भेट मिळते: सुकवलेली, साखरेत घोळलेली. ती चिडून फेकून देते. पुढे त्याच पपईवरची साखर पाण्यात उतरवली जाते आणि फोडी जरा फुगतात. अंगणातल्या फळाची चव त्यांना नाही, पण त्या अगदीच वाईटही नाहीत. निर्वासितांच्या जगण्यावर आपण जाडजूड ग्रंथ वाचतो, त्यांची गरज आहेच; तरी नव्या देशाशी होणारी तडजोड मी इतक्या थोड्या शब्दांत इतकी खरी क्वचित वाचली आहे. क्वामे अलेक्झांडर यांची ‘द क्रॉसओव्हर’ (2014) हीच रीत बास्केटबॉलच्या लयीत नेते. ती मोठ्यानं वाचावी.

वीरा हिरानंदानी यांची ‘द नाइट डायरी’ (2018) आपल्या फार जवळ येते. निशा बारा वर्षांची आहे. वडील हिंदू डॉक्टर, आई मुसलमान आणि ती निशाच्या जन्मावेळीच गेलेली. 1947 मध्ये सिंधमधल्या मीरपूर खासहून जोधपूरकडे निघालेली ही मुलगी रोज रात्री त्या आईला पत्र लिहिते. लेखिकेच्या वडिलांच्या कुटुंबानं हाच प्रवास केला होता. निशा बोलत फारशी नाही, स्वयंपाकघरात काझी या स्वयंपाक्याशेजारी तिचं मन लागतं, आणि घर सोडताना त्याचा खलबत्ता तिच्याबरोबर निघतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी उल्हासनगर वसवलं, पिंपरीत घरं थाटली. त्यांच्या शेजारी वाढलेल्या मराठी वाचकाला हा खलबत्ता कुणाच्या तरी ओट्यावर पाहिल्यासारखा वाटेल. पद्मा वेंकटरामन यांची ‘द ब्रिज होम’ (2019) चेन्नईच्या रस्त्यावर राहणाऱ्या चार मुलांची आहे. त्याच वर्षीच्या बिजल वच्छराजानी यांच्या ‘अ क्लाउड कॉल्ड भुरा’मध्ये मुंबईच्या आकाशावर तपकिरी ढग येऊन बसतो, आणि प्रदूषणाचा विषय प्रकल्पवहीतून सुटून गोष्टीत येतो.

या क्षेत्रातल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आमंत्रण खोटं ठरेल. बरीच पुस्तकं एकेक दुखणं निवडून त्याच्याभोवती रचलेली असतात: एक आजार, एक वियोग, एक शहाणी आजी, आणि शेवटी समुपदेशकाच्या भाषेत झालेला समेट. मुलांना त्यांतून धीर मिळत असेल तर ते मी कमी लेखत नाही, पण मोठ्या वाचकाला त्यात शिळेपणा जाणवेल. आर. जे. पॅलासिओ यांची ‘वंडर’ (2012) याच्या सीमेवर आहे. वेगळ्या चेहऱ्यानं जन्मलेल्या ऑगीची गोष्ट निरनिराळी मुलं सांगतात, आणि त्याच्या बहिणीचं, व्हियाचं, निवेदन प्रथम दर्जाचं आहे: भावावर जीव आहे, आणि घरातलं सगळं लक्ष त्याच्याकडे जातं हेही ती जाणून आहे. शेवटी सगळं सभागृह ऑगीसाठी उठून टाळ्या वाजवतं तिथे मात्र लेखिकेनं वाचकाच्या भावनेवर विश्वास ठेवला नाही असं मला वाटतं. लांबत गेलेल्या मालिकांचंही असंच. पहिला भाग आवडला म्हणून सातवा घ्यावा असं नाही.

मग निवड कशी करावी? मलपृष्ठावर फक्त धडा सांगितला असेल तर पुस्तक बाजूला ठेवावं. पहिली दोन पानं हळू आवाजात वाचून पाहावीत. लेखक मुलाशी वाकून बोलतो आहे की समोर बसून, हे कानाला लगेच कळतं. पदकविजेत्यांइतकंच लक्ष न्यूबेरीच्या ‘ऑनर’ यादीकडे द्यावं. 1953 चं पदक कुठल्या पुस्तकाला मिळालं ते आज थोड्यांना आठवतं, पण त्या वर्षी ‘ऑनर’वर थांबलेलं ‘शार्लट्स वेब’ जगभर वाचलं जातं. ‘इनसाइड आउट’ आणि ‘द नाइट डायरी’ याच यादीतल्या. विनोदी पुस्तकांना पदकं कमी मिळतात, ती मुद्दाम शोधावी लागतात. लिसा एव्हान्स यांनी टीव्हीवरच्या विनोदी मालिकांची निर्मिती केली होती आणि त्यांच्या ‘वेड वॅबिट’मध्ये (2017) तो अनुभव प्रत्येक संवादात दिसतो: धाकट्या बहिणीच्या पुस्तकातल्या, यमकांत बोलणाऱ्या प्राण्यांच्या राज्यात अडकलेली दहा वर्षांची फिज, आणि तिथे हुकूमशहा झालेला एक खेळण्यातला ससा. मला मोठ्यानं हसवणाऱ्या पुस्तकांत तिचं स्थान वर आहे, आणि त्या हसण्याखाली वडील गमावलेल्या मुलीचा राग आहे.

ज्यांना अभ्यासकाचा आधार हवा असेल त्यांनी कॅथरीन रंडेल यांचा 2019 मधला छोटा निबंध शोधावा. ऑक्सफर्डच्या या विदुषीनं जॉन डन या सतराव्या शतकातल्या कवीचं चरित्रही लिहिलं आणि मुलांसाठी ‘रूफटॉपर्स’ (2013), ‘द एक्सप्लोरर’ (2017) या कादंबऱ्याही. दोन्हीकडच्या गद्यात सारखीच मेहनत आहे. मोठ्यांनी मुलांची पुस्तकं का वाचावीत हाच त्या निबंधाचा विषय.

वाचन सुरू करताना ‘होल्स’ आधी घ्यावी. दोन संध्याकाळी पुरतात. मग स्टेड, आणि ती संपताच पहिल्या पानापासून पुन्हा एकदा, कारण दुसऱ्या वाचनात चिठ्ठ्यांचा अर्थ बदलतो. कवितेची ओढ असणाऱ्यांनी लायपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. जेराल्डीन मॅकॉक्रेन यांची ‘व्हेअर द वर्ल्ड एंड्स’ (2017, कार्नेगी पदक 2018) थोडी नंतरसाठी ठेवावी. 1727 साली स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरची काही मुलं आणि माणसं पक्षी पकडायला समुद्रातल्या एका उभ्या सुळक्यावर उतरली. त्यांना न्यायला नाव यायची होती, ती नऊ महिने आली नाही. घटना खरी आहे. पुस्तक कठीण आहे, सुरुवातीला पक्ष्यांची आणि कड्यांची अपरिचित नावं अडवतात. पन्नासेक पानं धीर धरावा.